विश्लेषण : वाळूजच्या खोलीतील बाळंतिणीपर्यंत मनाचे उपचार फोनवरून पोहोचतील का?

१४४१६. हा क्रमांक देशभर एकच आहे, त्याला पैसे पडत नाहीत आणि तो चोवीस तास सुरू असतो. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या दूरध्वनी सेवेचा हा क्रमांक. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी ही सेवा सुरू झाली. मराठी, हिंदीसह २० भाषांत बोलण्याची सोय तिच्यात आहे. आजवर लाखो लोकांनी या क्रमांकावर फोन केला आहे.

मात्र ज्या बाईला या सेवेची सर्वाधिक गरज असू शकते, ती हा फोन करील अशी शक्यता सर्वात कमी आहे. दूरच्या गावाहून नवऱ्यामागे औद्योगिक वसाहतीत आलेली, एका खोलीत राहणारी, नुकतीच बाळंत झालेली ही बाई. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज परिसरात अशा स्त्रिया गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या बाळाचे वजन सरकारी नोंदीत असते, लसीची तारीख असते. तिच्या मनाचे काय चालले आहे, ही नोंद मात्र कुठेच नसते. सेवा सुरू करून सरकारचे काम संपते का, हा म्हणूनच आजचा प्रश्न आहे.

वाळूजमध्येच हा प्रश्न ठळक का?

वाळूज हे गंगापूर तालुक्यातले गाव. संभाजीनगर-अहिल्यानगर रस्त्यावर येथे एमआयडीसी उभी राहिली आणि १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्यामागोमाग सुटे भाग बनवणारे लहान-मोठे कारखाने आले. कामगारांसाठी बजाजनगर वसले. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, घाणेगाव, पंढरपूर, वडगाव कोल्हाटी या गावांत शेतांच्या जागी भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या.

या खोल्यांत राहणारे सगळेच परप्रांतीय नाहीत. जालना, परभणी, हिंगोली, बुलढाणा येथून आलेले कामगार आहेत, तसेच बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेलेही आहेत. बहुतेक जण ठेकेदारामार्फत कामाला लागलेले असतात. ठेका संपला की काम संपते, काम संपले की खोली बदलते. कागदावर गाव ग्रामपंचायतीचे आणि वस्ती मात्र शहराची, अशी या गावांची स्थिती आहे. आशा सेविकांची संख्या साधारण हजार लोकसंख्येमागे एक या निकषाने ठरते. पण २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे २०११ चेच आकडे हाताशी आहेत. मधल्या काळात भरलेल्या खोल्या त्या आकड्यांत नाहीत.

महाराष्ट्रात बहुतेक बाळंतपणे आता दवाखान्यात होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार हे प्रमाण ९४ टक्क्यांहून अधिक आहे. याचा अर्थ वाळूजमधली जवळपास प्रत्येक बाळंतीण किमान एकदा तरी आरोग्य यंत्रणेच्या नजरेखालून जाते. ती यंत्रणेला सापडत नाही, असे म्हणता येणार नाही. ती समोर आल्यावर यंत्रणा तिला तिच्या मनाबद्दल काही विचारत नाही, ही खरी अडचण आहे.

बाळंतपणानंतरचे नैराश्य म्हणजे नेमके काय?

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणे, चिडचिड होणे, उगाच भरून येणे हे पुष्कळ स्त्रियांना होते. शरीरातील संप्रेरके झपाट्याने बदलतात, झोप मोडते, त्याचा हा परिणाम असतो. साधारण दोन आठवड्यांत तो आपोआप ओसरतो. त्याला औषध लागत नाही. आराम आणि आधार लागतो.

दोन आठवडे उलटूनही मन उदास राहिले, कशातच रस वाटेनासा झाला, बाळ झोपलेले असतानाही झोप येईना, बाळाविषयी माया वाटत नाही म्हणून स्वतःचाच राग येऊ लागला, आपण नसलेलेच बरे असे विचार आले, तर तो आजार असू शकतो. यालाच प्रसूतीनंतरचे नैराश्य म्हणतात. भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २० हजार मातांची माहिती होती आणि या नैराश्याचे प्रमाण २२ टक्के आढळले. म्हणजे पाच बाळंतिणींमागे एक.

तिसरा प्रकार दुर्मीळ पण धोकादायक आहे. हजारात एक-दोन मातांना बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत भ्रम होतात. नसलेले आवाज ऐकू येतात, बाळाविषयी भलतेच काही मनात येते, वागणे एकाएकी बदलते. हे ‘बाहेरचे’ नव्हे आणि त्यावर उतारा टाकून उपयोग नाही. ही हृदयविकाराच्या झटक्याइतकीच तातडीची स्थिती आहे. अशा वेळी फोनवर बोलत बसू नये, बाईला एकटे सोडू नये आणि तिला थेट रुग्णालयात न्यावे. या परिसरासाठी ते रुग्णालय म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अर्थात घाटी.

आईच्या नैराश्याचा परिणाम आईपुरता राहत नाही. दूध पाजणे लांबते, बाळाच्या आजारपणाकडे वेळेवर लक्ष जात नाही, वजन अडते. दक्षिण आशियातील अभ्यासांत आईचे नैराश्य आणि बाळाचे कुपोषण यांचा संबंध वारंवार दिसला आहे. कुपोषणाच्या तक्त्यात लाल रेघेखाली गेलेल्या एखाद्या बाळाचे खरे निदान त्याच्या आईच्या मनात दडलेले असू शकते.

स्थलांतराने धोका का वाढतो?

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. तिच्यावर टीका करण्याजोग्या गोष्टी आहेतच. पण ती रीत म्हणजे मानसिक आधाराची जुनी व्यवस्थाही होती. सव्वा महिना बाईला कामातून मोकळीक मिळे. शेक-शेगडी, तेल लावणे, डिंकाचे लाडू, पाचवीची पूजा या सगळ्यांत औषधापेक्षा मोठा गुण एक होता. बाळंतीण एकटी राहत नसे. बाळ रात्री रडले तर त्याला घेणारे दुसरे हात घरात असत. बिहार, उत्तर प्रदेशात छठीला जमणाऱ्या आणि सोहर गाणाऱ्या बायकाही हेच काम करतात.

वाळूजच्या खोलीत ते हात नसतात. गावी जाण्या-येण्याचा खर्च, नवऱ्याच्या जेवणाचे हाल, मोठ्या मुलाची शाळा अशा कारणांनी अनेकींचे बाळंतपण इथेच होते. आई किंवा सासू आली तर आठ-पंधरा दिवसांसाठी. त्यानंतर पाणी भरणे, स्वयंपाक, डबा, बाळ हे सारे एकटीवर येते. शेजारीण चांगली असली तरी तीही पॅकिंगच्या कामाला जाते. भाषा वेगळी असेल तर दुकानापलीकडे बोलणे होत नाही.

गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील बाळंतिणींपैकी २३ टक्के महिलांत सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य दिसले. गरिबी, नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे यांनी धोका वाढतो, असेही त्यात आढळले. यातील एकही कारण वाळूजला परके नाही. त्यावर एकटेपणाची आणि उद्याच्या कामाच्या अनिश्चिततेची भर पडते.

फोनवरून उपचार खरेच होतात का?

या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही, कारण त्यावर चांगले प्रयोग झाले आहेत. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात नैराश्याचा धोका जास्त असलेल्या ७०१ मातांवर झालेला प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मातांना नेहमीच्या सेवेसोबत एका दुसऱ्या आईचा फोन येऊ लागला. ही दुसरी आई डॉक्टर नव्हती. पूर्वी स्वतः या नैराश्यातून गेलेली आणि काही तासांचे प्रशिक्षण घेतलेली साधी बाई होती. बारा आठवड्यांनी, फोन येणाऱ्या मातांपैकी १४ टक्के महिलांत नैराश्याची लक्षणे होती. फोन न आलेल्यांत हेच प्रमाण २५ टक्के होते.

कॅनडातच २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात परिचारिकांनी आठवड्यातून एकदा फोनवरून समुपदेशन केले. नैराश्य असलेल्या २४१ माता त्यात होत्या. बारा आठवड्यांनी, उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ११ टक्केच माता नैराश्यात उरल्या. इतरांत ते प्रमाण ३५ टक्के होते.

आपल्या जवळचा पुरावाही आहे, जरी तो प्रत्यक्ष भेटींचा आहे. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या खेड्यांत अतीफ रहमान यांनी तेथील आरोग्य सेविकांना बोलण्यातून करायच्या उपचारांचे सोपे प्रशिक्षण दिले. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी, अशा भेटी मिळालेल्या मातांपैकी २३ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी ५३ टक्के नैराश्यात होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीची पुस्तिका काढली. पुढे गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने तीच पद्धत गावातल्या सामान्य स्त्रियांकरवी वापरून पाहिली. तेथे परिणाम चांगला होता, पण रावळपिंडीइतका ठळक नव्हता.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. बोलणारी व्यक्ती मोठी तज्ज्ञ नसली तरी चालते; ती त्याच वस्तीतली, त्याच अनुभवाची आणि नियमित फोन करणारी असावी लागते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कॅनडातील प्रयोगांत बाळंतिणीने हेल्पलाइन शोधली नव्हती. फोन तिला आला होता.

टेलि-मानसला फोन केल्यावर काय होते?

१४४१६ वर फोन लावल्यावर भाषा निवडायची असते. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो. तो ऐकून घेतो, काही प्रश्न विचारतो, झोप, काळजी, घबराट यावर करता येण्याजोग्या गोष्टी सांगतो. गरज वाटली तर फोन मानसोपचारतज्ज्ञाकडे दिला जातो. त्यापुढचा टप्पा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, वैद्यकीय महाविद्यालय किंवा ई-संजीवनीवरील व्हिडीओ सल्ला यांचा असतो. देशपातळीवर या सेवेचे सूत्रसंचालन बेंगळुरूची निम्हान्स ही संस्था करते. २०२४ पासून मोबाइल अॅपही आले आहे.

फोन करणारीची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. बाईला दाखल करावे लागले तरी तीन वर्षांखालील मूल सहसा तिच्यापासून तोडू नये, असेही हा कायदा सांगतो. ‘दवाखान्यात सांगितले तर बाळ काढून घेतील’ ही भीती अनेकींच्या मनात असते. तिच्यासाठी ही तरतूद मोलाची आहे, पण ती तिला कुणी सांगत नाही.

नैराश्यावरची काही औषधे बाळाला अंगावर पाजत असतानाही घेता येतात. कोणती घ्यायची हे डॉक्टर ठरवतात. मात्र मेडिकलवरून स्वतःच झोपेची गोळी आणून घेणे बाळंतिणीसाठी आणि बाळासाठी धोक्याचे आहे.

मग अडते कुठे?

पहिली अडचण फोनचीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार देशात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया सुमारे ५४ टक्के आहेत. घरात फोन असणे आणि तिच्या हातात फोन असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नवरा कामावर गेला की फोनही गेला. लसीकरणाच्या नोंदीतला मोबाइल क्रमांक बहुधा त्याचाच असतो.

दुसरी अडचण जागेची. खोली एकच. नवऱ्याची रात्रपाळी असेल तर तो दिवसभर त्याच खोलीत झोपलेला असतो. पलीकडच्या खोलीशी भिंत सामाईक असते आणि संडास-नळाला रांग. ‘मला मरावेसे वाटते’ हे वाक्य बोलायला बाईला चार हातांची एकांत जागा नसते. दूरस्थ उपचारांच्या आराखड्यात रुग्णाजवळ दार लावता येणारी खोली आहे असे गृहीत धरलेले असते. वाळूजमध्ये हे गृहीतकच कोसळते.

तिसरी अडचण भाषेची. सेवेत हिंदी आहे, मराठी आहे. पण दरभंग्याची बाई मैथिलीत रडते आणि बलियाची भोजपुरीत. कामापुरती हिंदी तिला येते; मनातले सांगण्याची भाषा ती नव्हे. आपल्या मराठवाड्यातली बाईही ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. ती म्हणते, जीव घाबरतो, अंगात त्राण नाही, डोके उठते, कशातच मन लागत नाही. दवाखान्यात याचे भाषांतर अशक्तपणा असे होते आणि तिच्या हातात रक्तवाढीच्या गोळ्या पडतात. रक्त कमी असतेही, गोळ्या लागतातही. पण तक्रारीचा अर्धा भाग तसाच राहतो.

चौथी अडचण आजाराच्या स्वरूपातच आहे. नैराश्य माणसाची उठून काही करण्याची शक्तीच हिरावून घेते. ज्या बाईला दोन वेळचा स्वयंपाक डोंगराएवढा वाटतो, तिने स्वतःहून क्रमांक शोधावा, भाषा निवडावी, अनोळखी माणसाला आपली कहाणी सांगावी ही अपेक्षा पाय मोडलेल्याने दवाखान्यापर्यंत चालत यावे अशी आहे. मदतवाहिनी वाट पाहते आणि रुग्णही वाट पाहतो.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले होते.

आशाताईंच्या भेटींचा उपयोग कसा होईल?

नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही, कारण भेटींचे वेळापत्रक आधीच ठरलेले आहे. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या मातेच्या घरी आशा सेविकेने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. त्यानंतर तीन महिन्यांपासून पंधरा महिन्यांपर्यंत दर तिमाहीला भेट असते. लसीकरणासाठी आई दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी स्वतः येते. नैराश्य डोके वर काढते तो काळही हाच.

या भेटींत बाळाचे तापमान घेतले जाते, वजन होते, नाळ पाहिली जाते. त्यात दोन प्रश्नांची भर घालता येईल. गेल्या महिनाभरात मन सतत उदास वाटले का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नाही, असे झाले का? यापैकी एकाचे उत्तर ‘हो’ आले, तर दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली वापरता येते. १९८७ मध्ये तयार झालेली ही प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. त्याचे उत्तर ‘हो’ असेल तर बाकीचे गुण मोजत न बसता त्याच दिवशी पुढे पाठवायचे असते.

येथे एक खबरदारी हवी. आशा सेविकांच्या अंगावर आधीच सर्वेक्षणे, नोंदी आणि अॅप यांचा ढीग आहे. त्यांचा मोबदला कामागणिक ठरतो. मनाविषयी विचारण्याचे काम त्यांच्याकडे द्यायचे, तर त्याचे प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला दोन्ही द्यावे लागतील. फुकटात टाकलेले काम रकान्यात ‘नाही’ लिहून पूर्ण होते. दोष त्यांचा नसतो.

‘बाहेरच्यांसाठी’ एवढे कशाला, असे कुणी म्हटले तर?

हा प्रश्न उघडपणे फारसा विचारला जात नाही, पण निर्णयांत तो असतो. त्याचे पहिले उत्तर असे की, वाळूजच्या खोल्यांतल्या कितीतरी बाळंतिणी याच मराठवाड्याच्या आहेत. जिंतूर किंवा मंठ्याहून आलेली बाईही इथे तितकीच एकटी असते. दुसरे उत्तर असे की, ज्यांच्या श्रमावर इथल्या कारखान्यांची पाळी सुरू राहते, त्यांचे कुटुंब इथेच जगते. ईएसआयसीची वर्गणी कामगाराच्या पगारातून कापली जाते. महिना २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला त्यातून उपचार मिळाले पाहिजेत. तो ठेकेदाराचा असला तरी. पत्नीचे नाव नोंदलेच नसेल, तर हा हक्क कागदावरच राहतो.

तिसरे उत्तर आपल्या जिल्ह्याच्या आठवणीत आहे. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रेल्वेरुळावर विसावलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. ते मध्य प्रदेशचे होते आणि जालन्याहून पायी गावी निघाले होते. स्थलांतरित माणूस आपल्याला एरवी दिसत नाही. अपघात झाला की दिसतो. बाळंतिणीचा अपघात तर बातमीतही ‘आजारपणाला कंटाळून’ एवढ्या दोन शब्दांत संपतो.

फोन कुठे कमी पडतो?

फोनवरच्या सेवेचे कौतुक करताना तिच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. मारहाण होत असलेल्या बाईला समुपदेशनाने बळ मिळेल, पण मार थांबणार नाही. तिथे १८१ ही महिला मदतवाहिनी, धोका समोर असेल तर ११२ आणि कायद्याचे संरक्षण लागते. तशा घरात फोनचा इतिहास तपासला जातो, हेही समुपदेशकाला ठाऊक असले पाहिजे. ‘बाळाच्या वजनाबद्दल बोलायचे होते’ असा ठरवून ठेवलेला खुणेचा शब्द अशा वेळी उपयोगी पडतो.

भाडे थकलेल्या, काम सुटलेल्या घरातल्या उदासीला केवळ आजार म्हणणे अन्यायाचे ठरेल. गरिबीवर गोळी नाही. पण म्हणून नैराश्यावर उपचार करू नयेत, असाही त्याचा अर्थ होत नाही. झोप परत आली, बाळाला घ्यावेसे वाटू लागले, तर भाड्याचा प्रश्न सोडवण्याचे बळही बाईकडे येते. दोन्ही आघाड्यांवर एकाच वेळी काम करावे लागते.

सर्वात मोठा धोका वेगळाच आहे. ‘हेल्पलाइन आहे ना’ हे उत्तर डॉक्टरांच्या रिकाम्या जागांवर पांघरूण घालू शकते. राज्याची पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही जुनी चारही प्रादेशिक मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत. वाळूजहून घाटीला जायचे तर बाळाला घेऊन रिक्षा बदलावी लागते, रांगेत अर्धा दिवस जातो आणि नवऱ्याचा खाडा पडतो. फोनवरच्या समुपदेशकाने ‘डॉक्टरांना दाखवा’ असे सांगितल्यावर जवळ डॉक्टर असावा लागतो. फोन ही डॉक्टरपर्यंत नेणारी वाट आहे, आणि वाटेच्या टोकाला दवाखाना असेल तरच तिचा उपयोग.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, फोनची दिशा उलटी करावी. आशा सेविकेने दोन प्रश्न विचारून नाव कळवले की टेलि-मानसकडूनच बाईला फोन यावा, तिने सांगितलेल्या वेळेला आणि तिने निवडलेल्या क्रमांकावर. नवऱ्याची पाळी पाहून ती वेळ ठरवावी. पहिला फोन उचलला नाही म्हणून प्रकरण बंद करू नये.

दुसरी, एकांताची जागा द्यावी. अंगणवाडी किंवा उपकेंद्रातली एक खोली लसीकरणाच्या दिवशी दोन तास मोकळी ठेवली, तिथे एक फोन किंवा टॅब ठेवला, बाळाला मदतनिसाने सांभाळले, तर बाई मोकळेपणाने बोलू शकेल. लसीसाठी बाहेर पडायला तिला कुणाची परवानगी मागावी लागत नाही. उपचारांसाठी यापेक्षा चांगले निमित्त नाही.

तिसरी, त्याच वस्तीतल्या अनुभवी मातांना या कामात घ्यावे. रांजणगावात दहा वर्षे राहिलेली, भोजपुरी बोलणारी, दोन मुलांची आई नव्या बाळंतिणीला आठवड्यातून एकदा फोन करू शकते. तिला प्रशिक्षण, मानधन आणि अडल्यावर विचारायला घाटीतला एक तज्ज्ञ हवा. कंपनी कायद्यानुसार नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामासाठी खर्च करणे पात्र कंपन्यांना बंधनकारक आहे. वाळूजमधील कारखान्यांनी झाडे लावावीत, शाळांना बाके द्यावीत. पण आपल्याच कामगारांच्या घरातल्या बाळंतिणींसाठी हा खर्च करणेही त्या कामातच मोडते.

चौथी, नोंद बाईबरोबर फिरावी. ठेका संपून कुटुंब गावी गेले की वाळूजच्या वहीतून तिचे नाव गळते आणि गावच्या वहीत ते चढत नाही. क्रमांक देशभर एकच असल्याचा खरा फायदा इथे घेता येईल. वाळूजला सुरू झालेले समुपदेशन दरभंग्यात किंवा हिंगोलीत पुढे सुरू राहिले पाहिजे. प्रत्यक्ष दवाखान्याला जे कधीच जमणार नाही, ते फोनला जमू शकते.

पाचवी, पुरुषांशी बोलावे. कारखान्यात सुरक्षेचे पाठ पाळी सुरू होताना दिले जातात. त्यातली दहा मिनिटे बाळंतपणानंतरच्या आजारासाठी दिली, तर ‘बायको नाटक करते’ असे समजणाऱ्या एखाद्या नवऱ्याला हा आजार असल्याचे कळेल. पुष्कळदा फोन त्याच्याच खिशात असतो. तो काढून तिच्या हातात देणे हाही उपचाराचा भाग आहे.

हे सगळे होईपर्यंत वाचकांना एक गोष्ट करता येईल. खोलीमालक असाल, शेजारी असाल, किराणा दुकानदार असाल किंवा कारखान्यातले सहकारी असाल, ओळखीच्या घरात बाळ झाले असेल तर ‘बाळ कसे आहे?’ याच्या पुढचा प्रश्न विचारा : ‘आणि तुम्ही कशा आहात? झोप लागते का?’ उत्तर द्यायला ती वेळ लावेल, तो तिला द्या. दोन आठवड्यांहून अधिक काळ ती कोमेजलेली दिसत असेल, तर १४४१६ तुम्ही स्वतः लावा, भाषा निवडून द्या आणि ती बोलत असताना बाळाला थोडा वेळ घ्या.

टेलि-मानस ही चांगली सेवा आहे आणि तिच्यावर झालेला खर्च योग्यच आहे. आता तिचे यश आलेल्या फोनच्या संख्येवर मोजून भागणार नाही. वाळूजमध्ये वर्षभरात किती बाळंतिणींना हे दोन प्रश्न विचारले गेले, त्यापैकी कितींना फोन केला गेला आणि कितींवर उपचार पूर्ण झाले, हे तीन आकडे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने जाहीर करावेत. बाळाच्या वजनाचा तक्ता आपण दर महिन्याला भरतो. त्याच तक्त्यात आईसाठी एक रकाना वाढवणे अवघड नाही.